पाठ्यपुस्तकातील विज्ञानाची चूक कशी कळवावी

चूक आढळताच पुस्तकाची इयत्ता, पृष्ठ क्रमांक आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष टिपून घ्यावे, कारण नव्या पुनर्मुद्रणात ती दुरुस्तही झालेली असू शकते. मग स्वतः पडताळणी करावी. पाण्याच्या ताटलीतील जळत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा ठेवला की पाणी आत चढते, आणि ‘ऑक्सिजन संपल्यामुळे’ असे त्याचे कारण वर्षानुवर्षे शिकवले जाते. प्रत्यक्षात मेणबत्ती विझते तेव्हा पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. ज्योत मंदावून विझल्यावर तापलेली हवा थंड होऊन आकसते, म्हणून पाणी झरझर वर येते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहाव्यात: पेला तोच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच, तरी पाणी अधिक उंच चढते. असा पुरावा मला लांबलचक युक्तिवादापेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो मुलांनाही वर्गात करून पाहता येतो. मात्र मुलांसाठी सोपे करून सांगणे म्हणजे चूक नव्हे, हा विवेक सुटू देऊ नये. पत्रात मूळ वाक्य जसेच्या तसे उतरवून त्याखाली साधारण तेवढ्याच लांबीचे पर्यायी वाक्य द्यावे, आणि पुस्तक राज्य मंडळाचे असल्यास ते पत्र पुण्याला बालभारतीच्या कार्यालयाकडे पाठवून पोच जपून ठेवावी.