घोडा का अडला? घोडी-बग्गीवाल्यांनी या चुका टाळा

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? न फिरवल्यामुळे, हे उत्तर आपण लहानपणीच पाठ केलं. ग्वाल्हेरच्या लग्नसराईत मात्र उलटंच दिसतं. लष्कर भागातल्या अरुंद गल्लीत, बँड-बाजाच्या गदारोळात घोडी अडते, ती बहुतेक कुठेतरी दुखतंय म्हणून. तिथे चाबूक उगारणं ही पहिली चूक.

आधी नवरदेवाला उतरवा. चारही पाय उचलून बघा: खडा रुतलाय का, नाल सैल आहे का? साजाखाली हात फिरवा, चिघळलेली जागा लगेच लागते. काटेरी लगाम असेल तर तो काढाच. गाडी ओढणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या जनावरांना क्रूर वागणूक मिळू नये म्हणून केलेल्या १९६५ च्या नियमांनुसार त्याला बंदी आहे.

दुसरी चूक पाण्याची. ‘घामेजल्या घोडीला पाणी देऊ नये, पोट धरतं’ हा समज आमच्याकडे घट्ट रुजलाय. खरं तर तेव्हाच तिला पाणी हवं असतं. घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. चटकन सपाट झाली नाही तर पाणी कमी पडलंय. हिरडी बोटाने दाबून सोडा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी.

१९६५ च्या त्याच नियमांत दिवसाला नऊ तास, सलग पाच तास ही कामाची मर्यादा आहे. पारा ३७ अंशांच्या वर गेला तर दुपारी १२ ते ३ काम बंद. मे महिन्यातलं ग्वाल्हेर आठवा!

चंदी, म्हणजे दाणा, एकदम तोबराभर देऊ नका. घोड्याचं पोट लहान, आणि त्याला उलटी होत नाही. आधी चारा, मग थोडी थोडी चंदी. घोडी पोटाकडे वळून बघत असेल, लोळत असेल तर बाटलीने तेल पाजू नका, ते फुप्फुसात जातं. डागणी तर नकोच. पशुवैद्याला बोलवा.

खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी तासावेत. नाल खुराच्या मापाची करावी. नालेच्या मापाने खूर घासणारा नालबंद बदला.

आणि शिकवणाऱ्यांची चूक: प्रशिक्षण मालकाला, तेही सभागृहात, खुर्चीवर बसवून. चंदी घालणारा, पाणी पाजणारा पोरगा त्या वेळी तबेल्यात लीद भरत असतो. तबेल्यातच जा, आणि चिमटीची परीक्षा त्याच्याकडून करून घ्या.