गच्चीवरच्या सिनेमासाठी प्रोजेक्टर घेताना

मे महिन्यातली गोष्ट. सोसायटीच्या गच्चीवर साडेसहालाच चादर बांधली, पोरं सतरंजीवर जागा धरून बसली, मी प्रोजेक्टर लावला. खोक्यावर उजेडाचं माप ठळक छापलं होतं, ‘९००० ल्युमेन’. चादरीवर काही म्हणजे काही दिसेना. साडेसातला अंधार पडला तेव्हा कुठे नायकाचं तोंड दिसायला लागलं. तोवर भेळ संपली होती.

प्रोजेक्टर घेताना पहिलं काम टेप घेऊन जागा मोजण्याचं. पडद्याचे इंच तिरके मोजतात. १०० इंची पडदा सुमारे २.२ मीटर रुंद भरतो. प्रोजेक्टरच्या माहितीत ‘थ्रो रेशो’, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या किती पट अंतर लागतं तो आकडा, दिलेला असतो. तो १.२ असेल तर २.२ ला १.२ ने गुणा: यंत्र पडद्यापासून साधारण २.६५ मीटरवर ठेवावं लागेल. दहा बाय दहाच्या खोलीत हे जेमतेम बसतं, आणि बघणाऱ्यांनी प्रोजेक्टरपुढे खाली बसायचं.

मग उजेड. नुसतं ‘ल्युमेन’ लिहिलेला आकडा सरळ विसरा. ‘अ‍ॅन्सी’ किंवा ‘आयएसओ’ ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेले, किती ते शोधा. कुठेच दिलेले नसतील तर का दिले नाहीत हे ओळखा. माझ्या हिशेबाने अंधाऱ्या खोलीत ८० इंचांना २००-३०० अ‍ॅन्सी पुरतात. गच्चीवर, आजूबाजूच्या खिडक्यांचे दिवे धरून, १०० इंचांना ५०० तरी हवेत. हौसेपायी पडदा १५० इंचांचा केलात तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि उजेड तेवढाच राहतो. चित्र फिकं पडणारच.

‘फोर-के सपोर्ट’ म्हणजे फोर-के फाइल चालते, एवढंच. ‘नेटिव्ह’ रेझोल्यूशन, म्हणजे यंत्र प्रत्यक्षात दाखवतं तेवढे ठिपके, १९२० बाय १०८० बघा. १२८० बाय ७२० छोट्या पडद्यावर चालून जातं. त्याखाली नको, सबटायटल वाचताना डोळे शिणतात.

बॅटरीच्या मोहात जपून. बहुतेक यंत्रं चार्जवर दोन-अडीच तास चालतात, तीही उजेड कमी करून. आपल्याकडच्या सिनेमाचा क्लायमॅक्स नेमका तेव्हाच येतो. गच्चीवर प्लग असेल तर लांब एक्स्टेंशन बोर्ड आणा आणि वाचलेले पैसे ल्युमेनमध्ये घाला. शेतावर किंवा सहलीला न्यायचा असेल तरच बॅटरीवाला घ्या.

एचडीएमआयची खाच हवीच. काही ओटीटी अ‍ॅप मोबाइलवरचं चित्र प्रोजेक्टरवर पाठवू (मिररिंग) देत नाहीत, आवाज येतो आणि चित्र काळं. त्या खाचेत टीव्हीची स्ट्रीमिंग स्टिक लावली की बहुतेकदा प्रश्न मिटतो. बाहेरचा स्पीकर वायरीने जोडा. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात, संवाद मागून येतो.

यंत्र तिरकं ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र चौकोनी करता येतं, पण त्यात चित्राचा काही भाग वाया जातो. स्टुलावर, पडद्याच्या अगदी समोर ठेवलेलं बरं. चादरीच्या खालच्या शिवणीत बांबू सरकवला की सुरकुत्याही जातात आणि वाऱ्याने नायिका लांब-आखूड होत नाही.

घरी आणल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत रात्री एकदा लावून बघा. बारीक अक्षरांचं एखादं पान पडद्यावर टाका आणि मधला भाग नव्हे, चारही कोपरे वाचा. वीस मिनिटांनी पुन्हा वाचा, कारण तापल्यावर काही यंत्रांचा फोकस सरकतो. आवाज बंद करून पंख्याची घरघरही ऐका. कोपरे पुसटच राहिले तर दुसऱ्या दिवशी सकाळी खोकं बांधा.