बोलिव्हर काउंटीत संसार मांडणाऱ्यांसाठी: किराणा, भाजीपाला आणि अंतराचा हिशेब

घर ठरवण्यापूर्वी त्या घरापासून ताजी भाजी मिळणारे दुकान किती मैलांवर आहे हे मोजून घ्यावे, ही माझी पहिली विनंती आहे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या वायव्येकडील या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, बहुतेक मराठी कुटुंबे डॉक्टरकीच्या निमित्ताने येतात. वैद्यकीय प्रशिक्षणासाठी मिळणाऱ्या जे-१ व्हिसावरील दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट माफ करून घ्यायची आणि त्या बदल्यात तीन वर्षे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करायचे, या तरतुदीतून, विशेषतः डेल्टा रीजनल ऑथॉरिटी या प्रादेशिक विकासाच्या सरकारी संस्थेच्या शिफारशीवर, मीही याच मार्गाने आले. कामाच्या करारातील प्रत्येक कलम मी वाचले होते. दुकानाचे अंतर मात्र मोजले नव्हते.

काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ३१,००० होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान नगरपालिकेएवढी. परंतु ती २,००० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रात विखुरलेली आहे. क्लीव्हलंड गावात मोठी दुकाने आहेत आणि तेथे राहिलात तर रोजच्या दूध, अंडी, कांदे, बटाटे यांची चिंता करावी लागणार नाही. मात्र भाडे कमी म्हणून किंवा नदीकाठचा परिसर आवडला म्हणून तुम्ही पश्चिमेला रोझडेलच्या बाजूला किंवा उत्तरेकडच्या लहान गावांत घर घेतलेत, तर जवळ असेल ते पेट्रोल पंपाला जोडलेले दुकान किंवा स्वस्त वस्तूंचे डॉलर दुकान. तेथे डबाबंद मका, चिप्स, शीतपेये, गोठवलेला पिझ्झा आणि पांढरा पाव एवढेच बहुधा मिळते. अमेरिकेचे कृषी खाते ज्याला अन्नाचे वाळवंट म्हणते त्याची ग्रामीण भागासाठीची रूढ व्याख्या अशी की वस्ती कमी उत्पन्नाची असावी आणि तेथील मोठ्या संख्येने लोकांना मोठे किराणा दुकान १० मैलांहून, म्हणजे १६ किलोमीटरहून, अधिक दूर असावे. शहरासाठी हेच अंतर एक मैल धरतात. गाडी असलेल्या माणसाला १० मैल म्हणजे पंधरा मिनिटे; गाडी नसलेल्याला ते अंतर शेजाऱ्याच्या मर्जीवर किंवा आगाऊ फोन करून ठरवलेल्या व्हॅनवर अवलंबून असते, कारण शहरासारखी ठरावीक मार्गाने धावणारी बस बहुतेक ठिकाणी नाही.

मी यवतमाळची. पहिल्या उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या शेतातली भेगाळलेली काळी माती पाहून मी गाडी थांबवली होती. येथे तिला बकशॉट म्हणतात. ती ओली झाली की बुटाला चिकटून टाच जड होते आणि वाळली की तिच्यात हात जाईल एवढी भेग पडते. मृदाशास्त्रातही ती आपल्या रेगूर मातीच्याच गणात, व्हर्टिसोलमध्ये, मोडते. कापूस, सोयाबीन, मका आणि भात यांनी क्षितिजापर्यंत भरलेल्या या जमिनीच्या मधोमध राहणाऱ्यांना कोबी मिळू नये, हे समजून घेण्यास मला बराच काळ लागला. पिकणारे बहुतेक सारे धान्य व्यापारासाठी बाहेर जाते. १९४४ मध्ये येथून जवळच, क्लार्क्सडेलनजीकच्या हॉप्सन मळ्यावर पेरणीपासून वेचणीपर्यंतचे कापसाचे पूर्ण पीक यंत्राने काढून दाखवले गेले आणि त्यानंतर मजुरांची गरज झपाट्याने ओसरली. माणसे शिकागोकडे गेली, गावे रिकामी झाली, आणि गिऱ्हाईक गेल्यावर दुकाने टिकली नाहीत. कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या उधारीवर माल देणारी चिनी कुटुंबांची किराणा दुकाने या भागात गावोगाव होती. आज त्यांतील बहुतेक बंद आहेत आणि त्यांच्या आठवणी क्लीव्हलंडच्या विद्यापीठातील एका लहान संग्रहालयात जपल्या आहेत. ते अवश्य पाहावे, कारण परक्या मुलखात येऊन वाणसामान विकणाऱ्यांची ती गोष्ट आपल्याला परकी वाटत नाही.

आता प्रत्यक्ष नियोजनाविषयी. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, ज्वारीचे पीठ, चिंच, कढीपत्ता आणि गोडा मसाल्याचे जिन्नस यांसाठी शेजारच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहराला जावे लागते. क्लीव्हलंडपासून ते सुमारे ११० मैलांवर आहे आणि एका बाजूचे दोन तास धरावेत. आम्ही सहा आठवड्यांतून एकदा जातो. गाडीच्या डिकीत मोठी शीतपेटी आणि बर्फ असल्याशिवाय उन्हाळ्यात निघू नये. मागच्या सीटवर ठेवलेली कोथिंबीर आणि पनीर परतीच्या निम्म्या वाटेवरच हातचे जाते. घरात वरून उघडणारा खोल फ्रीझर घ्यावा. तो चैनीचा नाही, येथील प्रत्येक जुन्या घरात असतो. वसंतातील वादळांमुळे आणि हिवाळ्यातील बर्फाच्या पावसामुळे वीज जाते, म्हणून फ्रीझर भरलेला ठेवावा आणि रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरावी. भरलेला फ्रीझर न उघडता ठेवला तर साधारण दोन दिवस टिकतो. खर्च मांडताना करही लक्षात घ्यावा: मिसिसिपी राज्य किराण्यावर कर घेते आणि तो १ जुलै २०२५ पासून ७ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.

तथापि मेम्फिसवर सगळी भिस्त ठेवू नये, हे मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे. येथील कृष्णवर्णीय कुटुंबांचे घरगुती अन्न आणि आपले अन्न यांत जे साम्य आहे ते नवीन माणसाला प्रथम दिसत नाही. ब्लॅक-आय पीज म्हणजे आपली चवळी. तिचीच जांभळ्या शेंगांची बहीण, पर्पल हल, जून-जुलैमध्ये छोट्या ट्रकमधून रस्त्याच्या कडेला विकली जाते. ती शेंगेसकट बुशेल या मोठ्या मापाने किंवा यंत्रावर सोलून पिशवीने मिळते. ताज्या दाण्यांची उसळ ओल्या वाटाण्यांच्या तोडीची होते, आणि दोन मिनिटे उकळत्या पाण्यात घालून लगेच गार करून फ्रीझरमध्ये ठेवले तर वर्षभर पुरते. भेंडी येथे मुबलक असते. मोहरीचा पाला, सलगमाचा पाला आणि कॉलर्ड ही कोबीच्या कुळातली पालेभाजी थंडीत स्वस्त मिळतात. कॉलर्डचे देठ काढून पाने बारीक चिरावीत, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि आंबट ताक लावून पातळभाजी करावी, अळूची आठवण नक्की येते. पूर्वेला डोंगराळ भागातील वार्डमन हे गाव रताळ्यांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे शरद ऋतूत उपवासाची सोय होते. ज्वारीच्या जातीच्या गोड ताटांच्या रसाचा पाक येथे सोर्घम म्हणून बाटलीत मिळतो. तो आपल्या काकवीच्या इतका जवळ आहे की गुळाच्या पोळीची नसली तरी गरम भाकरीबरोबरची उणीव तो भरून काढतो. भाकरीसाठी पांढऱ्या मक्याचे पीठ घ्यावे, मात्र पिशवीवर सेल्फ-रायझिंग लिहिलेले नाही याची खात्री करावी, कारण त्यात मीठ आणि बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते आणि भाकरी तव्यावर फुगून तुकडे होते. मासे खाणाऱ्यांना शेजारच्या सनफ्लॉवर आणि तिच्यापलीकडच्या हम्फ्रीज काउंटीतील तळ्यांतला ताजा कॅटफिश मिळतो; त्याला आगळ लावून ठेवल्यास गोड्या पाण्याचा वास जातो.

परसात भाजी अवश्य लावावी. मार्चअखेर शेवटचे दव गोठते आणि तेथून नोव्हेंबरपर्यंत दुधी, कारली, गवार, अंबाडी जोमाने येतात. मेथी आणि कोथिंबीर मात्र सप्टेंबरनंतरच पेरावी. बियाणे भारतातून सामानात लपवून आणू नये, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते आणण्यास मनाई आहे. अमेरिकेतच ही सर्व बियाणी विकत मिळतात. घर सोयाबीनच्या शेताला लागून असेल तर वाफे घराच्या आडोशाला करावेत. आमच्या टोमॅटोची कोवळी पाने एका मे महिन्यात पेल्यासारखी वळली, शेंडे पिळवटले, आणि तो रोग नसून वाऱ्याने वाहून आलेले तणनाशक होते हे शेजारच्या आजींनी पान हातात घेताच सांगितले.

या आजींसारख्या लोकांविषयी लिहिल्याशिवाय हे मार्गदर्शन अपुरे राहील. मधुमेहाच्या एका वृद्ध रुग्णबाईंना मी आहाराचा कागद समजावून दिला, तेव्हा त्यांनी तो नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि विचारले, "डॉक्टर, हे सगळे विकते कोण?" त्यांच्या गावात हिरवी भाजी विकणारे एकही दुकान नव्हते. नवीन येणाऱ्या डॉक्टरांनी म्हणूनच जवळच्या माउंड बायू गावाचा इतिहास जाणून घ्यावा. पूर्वी गुलामगिरीत राहिलेल्या लोकांनी १८८७ मध्ये वसवलेल्या या गावात डॉ. जॅक गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये आरोग्य केंद्र सुरू केले. कुपोषित मुलांना त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून दिले, दुकानदारांनी ते दिले आणि पैसे केंद्राच्या औषधांच्या निधीतून गेले. सरकारी आक्षेप आला तेव्हा कुपोषणावरचे औषध अन्नच आहे, असे उत्तर गायगर यांनी दिले. पुढच्याच वर्षी तेथील कुटुंबांनी सहकारी शेती उभारून स्वतःसाठी भाजीपाला पिकवला; शेजारच्या रूलव्हिलमध्ये नागरी हक्क चळवळीच्या कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांनी १९६९ मध्ये अशीच सामूहिक शेती सुरू केली. माउंड बायूचे ते केंद्र आजही रुग्ण तपासते, आणि रुग्णाला रक्तातील साखर विचारण्याआधी घरात काय शिजते आणि ते कोठून येते हे विचारण्याची सवय मला त्या इतिहासामुळेच लागली.

नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना सरकारी अन्नसाहाय्याचे स्नॅप कार्ड मिळत नाही. गरोदर स्त्रिया आणि पाच वर्षांखालील मुलांसाठीची विक योजना उत्पन्न पाहून ठरते आणि विद्यार्थी किंवा प्रशिक्षणार्थी कुटुंबांनी तिची चौकशी करण्यात कमीपणा मानू नये.

शेवटी शेजाऱ्यांना दुकानापर्यंत नेण्याविषयी. "काही आणू का?" असे विचारले तर येथील वृद्ध माणसे "नको" असेच म्हणतात, उपकार घेणे त्यांना आपल्याइतकेच जड जाते. त्याऐवजी, शनिवारी सकाळी दहाला मी क्लीव्हलंडला निघणार आहे आणि गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, एवढेच सांगावे. पहिल्या शनिवारी बहुधा कोणी येत नाही. दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच सांगावे; तिसऱ्या शनिवारी दहाला पाच मिनिटे कमी असताना, पर्स आणि रिकाम्या पिशव्या घेऊन शेजारच्या आजी ओसरीवर तुमची वाट पाहत उभ्या असतात.