सार्डिनियाची भुतं वाचायची कशी

इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या लोककथांतली मंडळी कादंबरीत किंवा सिनेमात भेटली की आपण पहिली गडबड करतो ती नावाची. ‘यानास’ आल्या की परी, ‘पानास’ आल्या की हडळ. मीही हेच केलं. पुण्यात आम्ही सहा-सात जणी महिन्यातून एकदा एकत्र बसून वाचतो. सार्डिनियाचीच लेखिका ग्राझिया देलेद्दा हिच्या ‘कान्ने आल व्हेंतो’ या कादंबरीची सुरुवात मी मराठीत करून नेली होती आणि पानासला सरळ ‘हडळ’ लिहिलं होतं. वाचून झालं तर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे केस सोडलेली, उलट्या पायांची बाई. देलेद्दाच्या पानावर ती बाई धुणं धुतेय.

म्हणून नावाला मराठी शब्द शोधण्याआधी एवढं बघा: ती काय काम करतेय, कुठे, आणि किती वाजता.

त्यासाठी ‘कान्ने आल व्हेंतो’ची पहिली पानंच घ्या. देलेद्दा १८७१मध्ये नुओरोला जन्मली, ही कादंबरी १९१३ची, आणि १९२६चं साहित्याचं नोबेल तिला मिळालं. कादंबरीतला एफिक्स हा म्हातारा गडी दिवसभर राबून नदीकाठच्या झोपडीशी बसलाय. अंधार पडतो. माणसाचा कामाचा दिवस संपला, आता भुताखेतांचा सुरू, असं तिथलं गणित आहे. खाली नदीवरून धुण्याचा आवाज येतो. पानास म्हणजे बाळंतपणात गेलेल्या बायका. मढ्याच्या नडगीच्या हाडाने त्या आपले कपडे बडवतायत. बदामाच्या झाडांत सात टोप्यांचा एक खोडकर आत्मा उड्या मारतोय, टोप्यांमध्ये त्याचा खजिना आहे. पोलादी शेपट्यांचे रक्तपिपासू त्याच्या मागे लागलेत. एफिक्सला हे सगळं शेजारपाजार असल्यासारखं ऐकू येतं.

ते हाड विसरू नका. जिवंतपणी जिच्या हाती कपडे बडवायचं धोपटणं होतं तिच्या हाती मेल्यावर हाड आलं, एवढाच बदल. काम सुटलेलंच नाही. आपल्याकडे बाळंतपणात गेलेल्या बाईच्या भुताला अळवंत म्हणतात. तो शब्द हडळीपेक्षा जवळचा आहे, मला तो आवडतोही, पण अळवंतीच्या वाट्याला हे नदीवरचं धुणं नाही. म्हणून मी आता ‘पानास’ तसंच ठेवते आणि पुढच्याच वाक्यात त्या कोण ते सांगते. तळटीप देऊ नये. वाचणारा मान खाली घालून परत वर येईपर्यंत नदीचा आवाज गेलेला असतो.

यानासचं वेगळं. त्या दिवसा खडकातल्या घरात सोन्याच्या मागावर सोन्याचं कापड विणतात आणि रात्री नाचतात. ही खडकातली घरं खरोखर आहेत: ‘दोमुस दे यानास’, म्हणजे यानासची घरं. ती नवाश्मयुगातली, कातळात कोरलेली थडगी आहेत, बेटावर हजारोंनी, आणि २०२५मध्ये त्यांतली काही युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. दारं इतकी बुटकी की आत शिरायला वाकावं, कधी रांगावं लागतं. थडगी कुणाची हे लोक विसरले, दार तेवढं दिसत राहिलं; एवढ्याशा दारातून ये-जा करणाऱ्या बायकाही एवढ्याशाच असणार. यानास वाचायच्या आधी या दारांचे फोटो जरूर बघा. पंखवाली परी मनातून आपोआप जाते.

आता ज्यांना लोक भूत समजतात पण जी माणसं आहेत त्यांच्याबद्दल. मिकेला मुर्जाच्या ‘आक्काबादोरा’ (२००९) या कादंबरीतली बोनारिया उर्राई शिवणकाम करते, आणि मरण लांबलेल्या माणसाला शेवट देते. ‘आक्काबादोरा’ या शब्दाच्या मुळाशी ‘संपवणं’ आहे. तिला चेटकीण समजून वाचलंत तर पुस्तक हातचं गेलं, कारण तिने आपली म्हणून वाढवलेल्या मारियाचा सगळा पेच तिच्या माणूस असण्यात आहे. एनरिको पाऊचा २०१५चा सिनेमा याच विषयावर, जवळजवळ याच नावाचा, पण तो या कादंबरीवरून केलेला नाही. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या काल्यारी शहरात घडतो. दोन्ही एकमेकांना जोडून बघू नका.

तसेच मामोयादा गावचे मामुथोनेस. काळा लाकडी मुखवटा, अंगावर मेंढ्यांची कातडी, पाठीवर घंटांचा जड भार. पडद्यावर ते राक्षस म्हणून दिसले तर थांबा. ती गावचीच माणसं आहेत, १७ जानेवारीला संत अंतोनिओच्या सणात बाहेर पडणारी. दृश्याचा आवाज मोठा करा आणि घंटांकडे कान द्या. सगळे एकाच ठेक्यात, एकाच वेळी खांदा झटकतात.

पुढच्या महिन्यात मी एफिक्सचं तेच पान पुन्हा नेलं, या वेळी ‘हडळ’ खोडून. दिवेलागणीला, मोठ्याने वाचलं. नदीवरच्या धुण्यापाशी आले तेव्हा कुणी घाबरलं नाही. थोड्या वेळाने एकीने विचारलं, “आणि त्यांची बाळं?”