प्रोफिनेट बसवताना या चुका टाळा

भोसरीतील एका कारखान्यात रात्रपाळीत कन्व्हेयरचा ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारे आणि तिचा वेग सांभाळणारे उपकरण, जळाला. स्टोअरमधून तेच मॉडेल काढून बसवले, केबल लावली, पोर्टचा हिरवा दिवाही लागला. पण पीएलसीवरचा (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरवरचा) बस फॉल्टचा, म्हणजे नेटवर्कमधील बिघाडाचा लाल दिवा काही विझेना. मी पोहोचलो तोवर दोन केबल आणि एक स्विच बदलून झाला होता. हिरवा दिवा फक्त तारेची जोडणी झाल्याचे सांगतो, संवाद सुरू झाल्याचे नाही. प्रोफिनेटमध्ये, म्हणजे पीएलसी आणि यंत्रांवरची उपकरणे जोडणाऱ्या इथरनेट नेटवर्कमध्ये, पीएलसी उपकरणाला आयपी पत्त्यावरून नव्हे, तर नावावरून शोधतो आणि ते सापडल्यावर त्याला पत्ता देतो. नव्या ड्राइव्हला नावच नव्हते. ते दिल्यावरही दिवा तसाच राहिला, कारण पीएलसीच्या प्रोजेक्टमध्ये (त्यात भरलेल्या प्रोग्राम आणि सेटिंगमध्ये) कन्व्हेयरचे इंग्रजी स्पेलिंग ‘ओ-आर’ने संपत होते आणि घाईत मी ‘ई-आर’ टाइप केले होते. कोणता पोर्ट कोणत्या पोर्टला जोडला आहे, हे प्रोजेक्टमध्ये आधीच भरून ठेवले असते, तर कोऱ्या ड्राइव्हला पीएलसीने शेजाऱ्यांवरून ओळखून स्वतःच नाव दिले असते. हे काम बहुतेक जण कंटाळा म्हणून टाळतात.

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण ती महिनोन्‌महिने दिसत नाही. केबल तुटली तरी लाइन चालू राहावी म्हणून उपकरणे वर्तुळात जोडून एमआरपी पद्धतीची रिंग करतात, म्हणजे माहिती दुसऱ्या बाजूने जाऊ शकते. मात्र तुटल्यानंतर मार्ग बदलायला या पद्धतीत २०० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. अपडेट टाइम (माहिती पाठवण्याच्या दोन फेऱ्यांमधील वेळ) २ मिलिसेकंद आणि वॉचडॉग (किती फेऱ्या माहिती न आल्यास संपर्क तुटला मानायचा ती मर्यादा) नेहमीप्रमाणे ३ फेऱ्यांचा ठेवला असेल, तर ६ मिलिसेकंदांतच उपकरण संपर्क तुटला असे ठरवते आणि रिंग असूनही लाइन थांबते. अपडेट टाइम ८ मिलिसेकंद आणि ३० फेरे ठेवल्यास २४० मिलिसेकंद मिळतात. पण तेवढा वेळ आउटपुट जुन्याच स्थितीत राहिलेले त्या यंत्राला चालेल का, हे आधी तपासावे. खराब केबल झाकण्यासाठी वॉचडॉग वाढवणे हा तर मला निव्वळ आळस वाटतो.

केबलच्या एका टोकाच्या पोर्टला ऑटो (वेग आणि पद्धत आपोआप ठरवणारे सेटिंग) आणि दुसऱ्या टोकाला १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी संवाद) सक्तीने ठेवू नये. ऑटोचे टोक हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने) जाते आणि भार वाढला की फ्रेम, म्हणजे माहितीचे तुकडे, गळू लागतात. इथरकॅट या दुसऱ्या औद्योगिक नेटवर्कमध्ये इन आणि आउट पोर्टची अदलाबदल करू नये, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ त्रास वाचतो.

केबल बदलण्याआधी स्विचच्या पोर्टवरील सीआरसी त्रुटींचा (वाटेत बिघडलेल्या फ्रेमचा) आकडा लिहून ठेवावा आणि तासाभराने पुन्हा पाहावा. मोटर चालू असतानाच तो वाढत असेल, तर नेटवर्कची केबल मोटरच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून गेली आहे का आणि तिच्या शील्डचे (तारांवरील धातूच्या आवरणाचे) अर्थिंग नीट आहे का, हे पाहावे. तो स्थिर असेल, तर केबलला हात न लावता नाव, पत्ता आणि वॉचडॉग तपासावेत.