घरातला रेडॉन कमी करायचा, तर काम फरशीखाली करा

रेडॉन या किरणोत्सारी वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो घरात आहे की नाही हे फक्त मोजूनच कळतं. जमिनीतल्या युरेनियमपासून टप्प्याटप्प्याने रेडियम बनतं आणि रेडियमपासून हा वायू. त्याचं अर्धायुष्य (निम्मा वायू उरायला लागणारा वेळ) ३.८ दिवस, म्हणजे मातीतून वर येऊन खोलीत साठायला त्याला भरपूर वेळ मिळतो. पुढे त्याचं पोलोनियम होतं, ते श्वासातून फुप्फुसात चिकटतं आणि तिथेच अल्फा कण, म्हणजे पेशींना इजा करणारा किरणोत्सार, सोडत राहतं. धूम्रपान करणाऱ्याला यातून होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली पातळी १०० बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) प्रति घनमीटर आहे. ते जमत नसेल तिथेही ३०० च्या वर जाऊ नये. अमेरिकेत १४८ बेकरेलला, म्हणजे तिथल्या मापात ४ पिकोक्युरी प्रति लिटरला, उपाय करायला सांगतात.

आधी मोजा. राहत्या घराच्या सगळ्यात खालच्या वापरातल्या खोलीत, जमिनीपासून अर्धा ते दोन मीटर उंचीवर, खिडकी, पंखा, ऊन यांपासून दूर डिटेक्टर ठेवा. स्वयंपाकघर आणि बाथरूम नको. रेडॉन शोषणाऱ्या कोळशाच्या डबीची चाचणी २ ते ७ दिवसांत होते, पण त्याआधी १२ तास आणि चाचणी संपेपर्यंत दारं-खिडक्या बंद हव्यात (ये-जा चालेल). रेडॉन हवामानाप्रमाणे रोज वरखाली होतो, म्हणून वेळ असेल तर तीन महिन्यांहून जास्त काळ ठेवायचा अल्फा-ट्रॅक (अल्फा कणांच्या खुणा टिपणारा) डिटेक्टरच घ्यावा.

आकडा जास्त आला की बहुतेक जण सीलंटची ट्यूब आणायला धावतात. नुसत्या भेगा बुजवून फारसं काही होत नाही. घरातली उबदार हवा वर चढून बाहेर जाते, तळाशी दाब काही पास्कलने कमी होतो आणि घर मातीतली हवा आत ओढून घेतं. दहा भेगा बुजवल्या तर ती अकरावीतून येते. खिडक्या उघड्या ठेवल्या तर पातळी उतरते, पण बंद केल्यावर काही तासांत पुन्हा चढते. फक्त वरच्या मजल्याच्या उघडल्या तर तळाची ओढ उलट वाढू शकते. तेव्हा दाबच उलटवायचा: फरशीखालचा दाब घरातल्या दाबापेक्षा कमी ठेवायचा, म्हणजे भेगांतून हवा वर येण्याऐवजी खाली जाते. त्यासाठी फरशीतून खाली पाइप सोडून पंख्याने तिथली हवा ओढायची आणि छपरावर सोडायची. नीट बसवलेली अशी यंत्रणा रेडॉन ८० टक्क्यांहून जास्त कमी करू शकते.

काम सुरू करण्याआधी फरशीखाली काय आहे ते तपासा. जिथे पाइप उभा करायचा त्या जागी स्लॅबला एक भोक पाडून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढायची. त्याचा एक्झॉस्ट नळीने घराबाहेर सोडायचा. मग खोलीच्या दूरच्या कोपऱ्यांत १०-१२ मिलिमीटरची भोकं पाडून त्यांच्या तोंडाशी अगरबत्ती धरायची. धूर भोकात खाली वळला, तर ओढ तिथवर पोचते आहे. सरळ वर गेला, तर पोचत नाही. मधे पाया आडवा आला असेल किंवा माती घट्ट असेल, आणि मग दुसरा ओढबिंदू, म्हणजे हवा ओढायला आणखी एक भोक, लागेल. ही चाचणी टाळणाऱ्यालाच पुढे पंखा बदलत बसावं लागतं. खाली खडी असेल तर कमी ओढीचा, जास्त हवा वाहणारा पंखा पुरतो. चिकणमाती असेल तर हवा कमी पण ओढ जोरदार असलेला लागतो. नुसता मोठा पंखा आणून हा प्रश्न सुटत नाही.

ड्रिल लावण्याआधी स्लॅबमधल्या पाण्याच्या आणि विजेच्या नळ्या शोधा. ताणलेल्या केबलचा (आत ताण दिलेल्या पोलादी तारा असलेला) स्लॅब असेल तर माहितगाराशिवाय हात लावू नका. काँक्रीटची धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून एन-९५ मास्क घाला आणि काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा. कोअर ड्रिलने १०-१२ सेंटिमीटरचं भोक पाडून खालून २० ते ४० लिटर माती-खडी हाताने उपसा. हा खड्डा जेवढा मोठा, तेवढी हवा चहूबाजूंनी सहज येते. त्यात ७५ किंवा १०० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप सोडा, पण त्याचं तोंड खड्ड्याच्या तळाला टेकू देऊ नका. पाइप क्लॅम्पने भिंतीला बांधा आणि भोवतीची फट पॉलियुरेथेन सीलंटने बंद करा.

आडव्या पाइपला खड्ड्याकडे मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार हवाच. मातीतली हवा दमट असते. थंड पाइपात तिचं पाणी होतं, आणि पाइप कुठे लोंबला तर ते तिथे साचून वाट बंद करतं.

पंखा राहत्या जागेत किंवा तिच्या खाली कधीच बसवू नका. तो माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला, उभ्या पाइपात हवा. पंख्याच्या आधीच्या पाइपात ओढ असते, तिथे गळती झाली तर घरातली हवा आत जाते, एवढंच. पंख्यानंतर दाब असतो. तिथली गळती म्हणजे साठलेला रेडॉन थेट घरात. जोडाला रबर कपलिंग लावलं तर आवाजही कमी होतो. पाइपाचं हवा सोडणारं तोंड छपराच्या वर, जमिनीपासून किमान ३ मीटर उंच आणि खिडक्यांपासून ३ मीटर दूर काढा. पंखा कायम चालू ठेवायचा. बहुतेक पंखे २० ते ९० वॉट घेतात.

आता सीलंटची पाळी. भिंत आणि फरशीचा सांधा, पाइपांभोवतीच्या फटी, पाणी उपसायच्या खड्ड्याचं झाकण, पोकळ ब्लॉकच्या भिंतीची वरची तोंडं, सगळं बंद करा. रुंद फटीत आधी फोमची दोरी भरा. याने ओढ वाया जात नाही आणि घरातली हवा खाली खेचली जात नाही. तरीही घरात गॅस गीझर किंवा भट्टी असेल तर दारं-खिडक्या बंद करून सगळे एक्झॉस्ट आणि हा पंखा चालू ठेवा आणि गीझरच्या किंवा भट्टीच्या चिमणीच्या खोलीतल्या तोंडाशी धूर पाहा. तो खोलीत परतत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे. यंत्रणा थांबवून आधी ते निस्तरा. त्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असलाच पाहिजे.

फरशी नसून खाली मातीची मोकळी जागा असेल, तर तिच्यावर किमान ०.१५ मिलिमीटर जाडीचा पॉलिथीन ताव अंथरा, जोड ३० सेंटिमीटर एकावर एक घेऊन चिकटवा, कडा भिंतीला सील करा आणि तावाखालून हवा ओढा.

उभ्या पाइपावर रंगीत द्रवाची यू-नळी बसवा. दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली की समजा पंखा बंद पडला. फरक नेहमीपेक्षा बराच वाढला तर पाइपात किंवा खड्ड्यात पाणी भरलं असावं. कमी झाला तर कुठेतरी नवी फट पडली. यू-नळी ओढ दाखवते, रेडॉन नाही. म्हणून पंखा सुरू केल्यावर २४ तास उलटल्यानंतर आणि ३० दिवसांच्या आत पुन्हा मोजा, पुढे दर दोन वर्षांनी आणि घरात मोठं बांधकाम झाल्यावरही.

आकडा तरीही हटत नसेल आणि घराला विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल, तर ते तपासून घ्या. आंघोळीच्या वेळी पाण्यातला रेडॉन हवेत सुटतो. तो पाणी घरात येण्याआधी हवा खेळवून काढता येतो. कोळशाचा फिल्टरही चालतो, पण त्यात किरणोत्सार साठत जातो, तेव्हा तो बेडरूमच्या भिंतीला लागून बसवू नका.