डिशला हात लावण्याआधी खांब तपासा: छतावर डिश बसवताना या चुका टाळा

टीव्हीचं चित्र अडखळायला लागलं की बहुतेक जण थेट डिशलाच हात घालतात. वर एक जण डिश थोडी इकडे, थोडी तिकडे करतोय, खालून दुसरा ओरडतोय, ‘आलं, आलं... गेलं!’ अशी अर्धी दुपार जाते आणि शेवटी होता तेवढा सिग्नलही हरवतो. खरं तर या सगळ्या मांडणीत डिश हा सगळ्यात साधा भाग. वाकवलेला पत्रा तो, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. घोळ असतो खांबात, नटबोल्टांत आणि केबलच्या टोकांत. यातल्या बहुतेक चुका पहिल्या दिवशीच झालेल्या असतात. त्या दिसतात मात्र पहिल्या जोराच्या वाऱ्यात किंवा पावसात.

उंची नको, मोकळं आकाश हवं

डिश जितकी उंच तितका सिग्नल चांगला, हा समज जुन्या अँटेनाच्या दिवसांतला. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या प्रक्षेपणासाठी तो खरा होता. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतात. तिथून पाहिलं तर तुमची डिश तीन मीटर वर आहे की खाली, याला काही अर्थ नाही. उंची लागते ती फक्त मधला अडथळा टाळण्यापुरती. घराच्या मागच्या भिंतीवरून किंवा अंगणातूनही उपग्रहाच्या दिशेचं आकाश मोकळं दिसत असेल, तर छतावर चढायचंच कशाला? खाली बसवलेल्या डिशला वारा कमी लागतो आणि दुरुस्तीला शिडीही लागत नाही.

अडथळा मोजताना लोक समोर बघतात, पण डिश बघते तिरकी वर. उत्तर गोलार्धात ती दक्षिणेच्या बाजूला, दक्षिण गोलार्धात उत्तरेच्या बाजूला, ठरावीक कोनात. हा कोन तुमचं गाव आणि उपग्रहाचं स्थान यांवर ठरतो. तो ४५ अंश असेल, तर डिशपेक्षा पाच मीटर उंच असलेलं झाड किमान पाच मीटर लांब हवं. कोन ३० अंशांवर आला की तेच झाड जवळजवळ नऊ मीटर लांब लागतं. हा हिशेब झाडाच्या आजच्या उंचीवर करू नका. झाड वाढतं. ‘दोन वर्षं छान चालत होती, आता काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा समोरच्या फांदीत असतं, आणि ओली पानं कोरड्या पानांपेक्षा जास्त सिग्नल खातात.

जागा ठरवताना आणखी एक गोष्ट बघा, आणि हिच्यात तडजोड नको. खांब हातातून सुटून आडवा पडला, तरी तो विजेच्या तारेपर्यंत पोचता कामा नये. तेवढं अंतर मिळत नसेल तर ती जागा सोडा. छत ओलं असताना किंवा वारा सुटलेला असताना चढू नका. वाऱ्यात हातातली डिश माणसालाच ओढून नेते.

खांब ओळंब्यात नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही आहे. डिशमागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतात. त्या खांब सरळ उभा आहे असं धरूनच आखलेल्या असतात. खांब दोन अंश कलला असेल, तर पट्टीवरचा आकडा दोन अंशांपर्यंत खोटा. शिवाय डिश डावी-उजवीकडे फिरवताना तिचा वर-खालचा कोनही नकळत बदलत राहतो. सुमारे ६० सेंटिमीटरच्या डिशची ‘नजर’ जेमतेम तीन अंश रुंद असते, आणि शेजारशेजारचे उपग्रह एकमेकांपासून दोन-तीन अंशांवर असू शकतात. म्हणजे दोन अंशांत तुम्ही शेजाऱ्याच्या दारात पोचता.

पाणसळ खांबाला एकाच बाजूने लावून समाधान मानू नका. पहिल्या बाजूशी काटकोनात दुसऱ्यांदा लावा. फरक दिसला तर बैठकीच्या पट्टीखाली वॉशर सरकवून खांब सरळ करा. खांब वाकवून तो सरळ होत नाही. पाणसळ नसेल तर दोरीला वजन बांधून केलेला ओळंबाही चालतो. ही दहा मिनिटं वाचवणारा माणूस पुढे तास घालवतो.

आता वाऱ्याचं. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात ६० सेंटिमीटरच्या डिशवर साधारण १५ ते २० किलोचा रेटा येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. हा सगळा रेटा खांबाच्या लांबीने वाढून बुडाशी पोचतो, म्हणून खांब जितका आखूड तितका बरा. उंच लागलाच तर त्याला तिरके आधार द्या. पातळ नळी, चार छोटे स्क्रू आणि प्लास्टिकचे प्लग ही तरतूद पहिल्या वादळापर्यंतच टिकते. काँक्रीटमध्ये धातूचे अँकर बोल्ट घाला. विटांच्या सांध्यात किंवा कठड्याच्या अगदी काठाशी भोक पाडू नका, कारण बोल्ट आवळताना तोच कोपरा तुटून येतो.

सपाट गच्चीवर मधोमध ड्रिल मारणं मला पटत नाही. जलरोधक थराला एकदा भोक पडलं की पाणी तिथून शिरतं आणि ओल भलतीकडेच दिसते. कठड्याच्या आतल्या बाजूला ब्रॅकेट लावा. नाहीतर भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांनी दाबून ठेवायची चौकट वापरा, पण ठोकळे भरपूर हवेत. पत्र्याच्या छपरावर नुसत्या पत्र्याला बैठक लावली तर वाऱ्यात पत्रा थरथरतो आणि त्याच्याबरोबर डिशही. पकड खालच्या वाशाला किंवा लोखंडी कैचीला मिळायला हवी, आणि भोक पत्र्याच्या उंचवट्यावर हवं, पाणी वाहतं त्या खोलगटात नको. कौलाला तर काहीच बांधू नये.

आणि हो, डिशच्या खांबाला कपड्यांची दोरी बांधू नका. ओल्या चादरी वाळत घातल्या की चॅनेल का जातात, हे कोडं मग सुटत नाही.

दिशा शोधताना

फोनमधलं होकायंत्र लोखंडी खांबाजवळ धरलं तर ते खांबाचंच ऐकतं. दोन-तीन मीटर लांब उभं राहून दिशा घ्या, दूरची एखादी खूण लक्षात ठेवा आणि मग डिशकडे या. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत जागेनुसार फरक असतो, हेही ध्यानात असू द्या.

घरगुती डिश बहुतेक ‘ऑफसेट’ प्रकारची असते. ती जिथे तोंड करून आहे असं वाटतं, त्यापेक्षा साधारण २० ते २५ अंश वर बघत असते. म्हणून जवळजवळ सरळ उभी डिश पाहून ‘ही खाली बघतेय’ असं म्हणत ती वर उचलणं ही हमखास होणारी चूक. डोळ्यांवर नाही, मागच्या पट्टीवर भरवसा ठेवा. तो फरक तिच्यात धरलेला असतो.

डिश हळू फिरवा. कडा जेमतेम पाच मिलिमीटर सरकली तरी छोट्या डिशचा नेम जवळपास एका अंशाने बदलतो. सिग्नल पकडायला टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्सला सेकंद-दोन सेकंद लागतात, तोवर फिरवणारा हात पुढे गेलेला असतो. थोडं सरकवा, थांबा, बघा, मग पुढे.

आणि बघायचं काय? पडद्यावर दोन पट्ट्या असतात. ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी नुसत्या गोंगाटावरही भरलेली दिसते, कधी डिश चुकीच्या उपग्रहावर असतानाही. खरी पट्टी ‘क्वालिटी’ची. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल, तर डिश उपग्रहावर नाही, किंवा दुसऱ्याच उपग्रहावर आहे.

क्वालिटी मिळाली की लोक ‘झालं’ म्हणून बोल्ट आवळतात. इथे जरा थांबायला हवं. डावीकडे पट्टी कुठे घसरते तिथे खांबावर पेन्सिलने खूण करा, मग उजवीकडे, आणि डिश दोन्हींच्या मधोमध आणा. वर-खालीही तसंच. हे कोरड्या, निरभ्र हवेत करा. बोल्ट एकदम एक बाजूचा घट्ट करू नका, आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि नजर क्वालिटीच्या पट्टीवर ठेवा. आवळताना नेम हलतोच.

यानंतर एलएनबी, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग. उभ्या-आडव्या ध्रुवीकरणाचं (म्हणजे लहरी उभ्या किंवा आडव्या कंप पावणारं) प्रक्षेपण असेल तर एलएनबी तिच्या पकडीत ठरावीक अंशांनी फिरवून बसवावी लागते. त्या अंशांची दिशा डिशच्या समोरून मोजायची की मागून, इथे गडबड होते. माहितीपत्रकात नीट वाचा, किंवा दोन्हीकडे फिरवून क्वालिटी बघा. वर्तुळाकार ध्रुवीकरण असेल तर हा खटाटोप नाही.

केबल

केबलचं टोक सोलताना मधल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीचा एखादा बारीक धागा मधल्या तारेला चिकटला, तर शॉर्ट होतं आणि बॉक्स एलएनबीचा वीजपुरवठाच बंद करतो. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर यायला हवी. त्याहून आखूड असेल तर ती नीट टेकत नाही. जोडजाड करताना बॉक्सचं बटण नाही, प्लगच काढा.

उघड्यावरच्या कनेक्टरला नुसती काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळणं म्हणजे नुसतं मनाचं समाधान. उन्हात तिचा डिंक सुटतो, ती सैल होते आणि आत शिरलेलं पाणी धरून ठेवते. त्याच मधल्या तारेतून एलएनबीसाठी १३ किंवा १८ व्होल्टचा एकदिश प्रवाह जात असतो. पाणी आणि प्रवाह एकत्र आले की तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप वापरा आणि ती खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जातं. सिलिकॉन लावायचंच असेल तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं नको, ते तांबं खातं.

केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झुकता फेरा द्या. पाणी तिथेच ठिबकतं, भिंतीच्या भोकात जात नाही. खिळ्याची क्लिप ठोकून केबल चेपू नका, आणि कोपऱ्यावर तिला सात-आठ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा कमी वाकवू नका. डिशसाठी साधी आरजी-६ प्रकारची केबल पुरते, पण मधे जोड नको. लांबी कमी पडली तर नवी अखंड केबल घ्या.

धातूचा खांब घराच्या मुख्य अर्थिंगला इलेक्ट्रिशियनकडून जोडून घ्या. वेगळी सळई पुरून ती मुख्य अर्थिंगपासून सुटी ठेवू नका. तरीही थेट पडलेल्या विजेपासून ही जोडणी बॉक्स वाचवेलच असं नाही. गडगडाट लांब असतानाच प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा. वीज डोक्यावर आल्यावर केबलला हात लावू नका.

बिघाड कधी होतो, ते आधी बघा

शिडी लावण्याआधी वेळ आणि प्रकार नोंदवा.

फक्त काही चॅनेल गेले आणि बाकीचे स्वच्छ असतील, तर नेम बहुधा ठीक आहे. बॉक्स १३ व्होल्टवर उभ्या आणि १८ व्होल्टवर आडव्या ध्रुवीकरणाचे चॅनेल मागतो. गंजलेल्या जोडात किंवा फार लांब, हलक्या केबलमध्ये व्होल्टेज पडलं तर १८ चे १५ च्या खाली येतात आणि एक गटच्या गट नाहीसा होतो. कनेक्टर बदला, डिश हलवू नका.

वाऱ्यात चित्र तुटतं? बोल्ट, बैठक, किंवा मधे डोलणारी फांदी. पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास सिग्नल येत नसेल, तर पाणी कनेक्टरमध्ये किंवा एलएनबीच्या तडकलेल्या टोपीत आहे. ढगफुटीसारख्या पावसात काही मिनिटं चित्र जाणं मात्र स्वाभाविक आहे. घरगुती डिश ज्या पट्ट्यात चालते त्या केयू-बँडच्या लहरी पाऊस शोषतो, त्यावर इलाज नाही. पण नुसत्या रिमझिमीत चॅनेल जात असतील, तर नेम मध्यावर नाही. तेव्हा पेन्सिल घेऊन पुन्हा वर जा.

दुपारच्या आसपास काही मिनिटंच सिग्नल जातो, तेही ओळीने काही दिवस, आणि महिना मार्च किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आगेमागचा असेल, तर सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो. त्याचा गोंगाट सिग्नलला बुडवतो. काहीही दुरुस्त करू नका. फक्त त्या मिनिटांत वर जाऊन बघा, डिशवर कुठे सावली पडलीय का. ऊन अडवणारी जी फांदी दिसेल, तीच उपग्रहाच्या वाटेत आलेली आहे.